एकोणतीसचा खोकला

३ मे १९७३, गुरुवार

निवृत्त होऊन आज वर्ष झालं. कलकत्त्यात भवानीपूरच्या शाळेत छत्तीस वर्षं पोरांना व्यापारी गणित शिकवलं, आणि आता बेहाल्यात लोक मला 'वृंदाचे बाबा' म्हणून ओळखतात. वाईट वाटायला हवं. वाटत नाही. उलट छाती दोन इंच फुगते.

पोरगी प्रोग्रॅमर आहे. डलहौसीतल्या एका मोठ्या कंपनीने गणकयंत्र आणलंय, तिथे ती नोकरी करते. आता प्रोग्रॅमर म्हणजे काय, हे सांगायची पाळी माझ्यावर रोज येते. आज ट्रॅममध्ये शेजारच्या घोषबाबूंनी दबक्या आवाजात विचारलं, की तुमची मुलगी या उकाड्यात हातात स्वेटर घेऊन जाते, तिला काही दुखणं वगैरे आहे का? म्हटलं, "दुखणं नाही हो. यंत्राला उकाडा सोसत नाही, म्हणून त्याची खोली थंडगार ठेवतात. ही तिथे बसते."

"म्हणजे पंख्याचं खातं?"

"नाही हो! ती यंत्राला काम शिकवते."

"म्हणजे शिक्षिका," घोषबाबू म्हणाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मीही हो म्हणून टाकलं. विचार केल्यावर मलाच ते पटलं. मास्तराची पोर मास्तरीणच निघाली, फक्त विद्यार्थी लोखंडाचा.

घरी आल्यावर तिला सांगितलं तर हसत सुटली. म्हणाली, "बाबा, तुमचे विद्यार्थी न सांगितलेलंपण शिकायचे. माझा नाही शिकत."

खरी बातमी पुढेच आहे. तिला पहिलं स्वतंत्र काम मिळालं, आणि तेही कुठलं, तर आमच्या कौन्सिलचं! ईस्टर्न कमर्शियल एक्झामिनेशन कौन्सिल दर वर्षी बंगाल, बिहार, आसामातल्या पोरांची वाणिज्य पदविकेची परीक्षा घेतं. त्यांचे गुण नोंदवून निकाल तयार करायला आम्ही बारा जण उन्हाळ्यात सियालदहच्या कचेरीत बसतो. माझं हे बाविसावं वर्ष. यंदा निकाल दोन्हींकडून काढायचा, आम्ही हाताने आणि वृंदा यंत्राने. याद्या जुळल्या तर पुढच्या वर्षीपासून यंत्र. नाही जुळल्या तर कौन्सिल यंत्राचा नाद सोडणार आणि वृंदाची रवानगी पुन्हा कार्डांना भोकं पाडायच्या खोलीत. तिचे साहेब लाहिरी यांनी तिला स्पष्ट सांगितलंय.

वृंदाची आई, कमल म्हणाली, "म्हणजे ती जिंकली की तुमचं काम गेलं."

शिष्यादिच्छेत् पराजयम् म्हणतात. इथे तर पोटची पोर आहे. खुशाल हरेन.

६ मे, रविवार

महाराष्ट्र मंडळात गेलो होतो. चिटणीस श्यामराव वृंदाला म्हणाले, की ८ जुलैला मंडळात गणकयंत्रावर अर्धा तास बोल. ती म्हणाली, "काका, माझं मराठी अर्धा तास नाही टिकणार." खरंच आहे. कलकत्त्यात जन्मलेली, बंगाली मैत्रिणींत वाढलेली. अजून 'माझा चूक', 'तुझी पेन' असं चालतं, आणि मी प्रत्येक वेळी सुधारतो.

मग मीच हो म्हटलं. श्यामराव अदबीने म्हणाले, "टेंबेमास्तर, पण तुम्हाला त्यातलं कळतं का?"

"नऊ आठवडे आहेत," मी म्हटलं.

१३ मे, रविवार

आज पोरीने माझी उलटतपासणी घेतली. निकाल कसा लावता ते सगळं लिहून द्या, म्हणाली. मी दोन फुलस्केप भरून दिले, सुवाच्य अक्षरात. शाळेत मी शेकडो पोरांना पायऱ्या पायऱ्यांनी गणित मांडायला शिकवलंय, मला वाटलं आता शाबासकी मिळणार.

तिने पेन्सिल घेतली आणि वाचायला लागली. एकसष्ट प्रश्न! मोजलेत मी.

"गैरहजर असला तर काय करता?"

"'गै' लिहायचा."

"म्हणजे शून्य?"

"शून्य कसं? शून्य मिळवायलासुद्धा यावं लागतं."

"मग बेरजेत काय धरायचं?"

"अगं, गैरहजर आहे! बेरीज कोण करतंय?"

"यंत्र करणार, बाबा. तुम्ही नको म्हणून सांगितलं नाही तर ते करत बसणार."

मी वैतागलो. म्हटलं, हे यंत्र आहे की गाढव? तर म्हणते, "गाढवाला निदान गवत कळतं." आतून कमल मोठ्याने हसली. पुढे म्हणाली, "वृंदा, मी अकोल्याला ताईकडे गेले होते तेव्हा यांना लिहून दिलं होतं, तांदूळ धुवून कुकरमध्ये ठेवा. पाणी घाला असं लिहायचं राहिलं." हे प्रकरण मी विसरलो होतो. काही माणसं विसरत नाहीत.

शेवटी वृंदाने विचारलं, "आणखी काही राहिलं का बाबा? तुम्ही करता आणि इथे लिहिलं नाही असं?"

मी पुन्हा दोन्ही कागद वाचले. काहीही राहिलं नव्हतं.

१५ मे, मंगळवार

वृंदाने केंद्र दाखवायला नेलं. काचेबाहेरून पाहिलं. गोदरेजच्या कपाटांचं संमेलन भरावं असं दिसतं. तिच्या प्रोग्रॅमची सहाशे कार्डं लांबट पेटीत ठेवलेली. एकेका कार्डावर एकेक आज्ञा, भोकांच्या भाषेत. एक कार्ड पुढचं मागे झालं तरी सगळं बिघडतं. पावसाळी हवेत कार्डं फुगतात म्हणून ती पेटीही थंड खोलीत राहते. लाहिरीसाहेब म्हणाले, "तुमची मुलगी फार प्रश्न विचारते. आमच्या धंद्यात हाच गुण." मी म्हटलं, "घरी आम्हाला तो दोष वाटतो." दोघेही हसलो. परतताना ट्रॅममध्ये मी उगाच ताठ बसलो होतो.

२८ मे, सोमवार

सियालदहला काम सुरू झालं. तिसरा मजला, लांब टेबलं, सहा जोड्या. प्रत्येक जोडीत एकाने परीक्षकांच्या चिठ्ठीवरचे गुण मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने नोंदवहीत लिहायचे. माझी जोडी बावीस वर्षं सुधांशुबाबूंशी. ते बराकपूरहून लोकलने येतात, डब्यात मुरी, म्हणजे आपले कुरमुरे, आणि हिरवी मिरची आणतात, आणि मला दर वर्षी पहिल्या दिवशी विचारतात की मराठी माणसं माशाशिवाय जगतात कशी. पोरांची नावं आम्हाला दिसत नाहीत, नुसते क्रमांक. तेच बरं.

आज पहिल्याच तासाला सुधांशुबाबूंना खोकला आला. मला मनातल्या मनात हसू आलं. काम खऱ्या अर्थाने सुरू झालं म्हणायचं.

हे इथेच लिहितो, कारण कुठे बोलायची गोष्ट नव्हे. पास व्हायला प्रत्येक विषयात तीस लागतात. एखादा पोरगा पाच विषयांत पास झालेला असतो आणि सहाव्यात एकोणतीसवर अडकतो. तेव्हा सुधांशुबाबू "उनोत्रिश" म्हणतात आणि खोकतात. मी तीस लिहितो. संपलं. पहिल्या वर्षी मला कळलं नव्हतं. मी एकोणतीसच लिहिले. ते पुन्हा खोकले. पुन्हा खोकले. मी धावत जाऊन पाणी आणून दिलं. ते पाणी प्याले, नोंदवहीकडे पाहिलं आणि पुन्हा खोकले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानंतर आजवर त्यावर आम्ही एक अक्षर बोललेलो नाही. इतर टेबलांवरूनही अधूनमधून खोकला ऐकू येतो. नवे रजिस्ट्रार म्हणाले, सियालदहच्या इंजिनांचा धूर फार आत येतो, खिडक्यांना जाळ्या बसवू.

एका गुणासाठी पोराचं वर्ष जायचं, ही काय रीत झाली? ही काही आमच्या पद्धतीत मोडणारी गोष्ट नाही, नुसती माणुसकी आहे. वृंदाच्या यंत्राशी तिचा काय संबंध.

५ जून, मंगळवार

बराकपूरकडच्या लोकल बंद. सुधांशुबाबू आले नाहीत. एका नव्या तरुणाबरोबर बसलो. खणखणीत आवाजात वाचतो. दिवसभरात सगळ्या टेबलांवर मिळून चारशे क्रमांक झाले. घसा अगदी साफ आहे त्याचा.

९ जून, शनिवार

संपलं. ४,८१२ परीक्षार्थी, पैकी २,९०७ पास. चिठ्ठ्या पोत्यांत भरून सील केल्या. त्यांच्यावरून वृंदाकडे गुणांची कार्डं आधीच पाडून झालेली आहेत. आता नोंदवही हीच खरी.

सुधांशुबाबू म्हणाले, "दिगंबरबाबू, आता बाप-लेकीची कुस्ती!" मी म्हटलं, मी आखाड्यात उतरायच्या आधीच पाठ टेकवून बसलोय.

१२ जून, मंगळवार

यंत्राचा निकाल आला. २,८७० पास. आमच्यापेक्षा सदतीस कमी.

जेवताना वृंदा भात नुसता चिवडत होती. मी म्हटलं, "अगं, सहाशे कार्डांत एखादं इकडचं तिकडे झालं असेल. शोध, सापडेल." तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग ताटाकडे बघून म्हणाली, "हो बाबा."

१३ जून, बुधवार

"सापडली का चूक?" दारातच विचारलं.

"माझा चूक आहे," ती म्हणाली.

"माझी चूक," मी सुधारलं.

"माझी चूक," ती म्हणाली आणि आत गेली.

१७ जून, रविवार

पोरीचा धीर सुटलाय. शोधायचं सोडून नुसती बसून राहते. मी तिला समोर बसवून सांगितलं, की चूक होणं हा गुन्हा नाही, ती शोधायचा कंटाळा करणं हा गुन्हा आहे. छत्तीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो. प्रामाणिकपणे पायऱ्या तपासत गेलं की चूक स्वतः हात वर करते, वगैरे. चांगलं पाऊण तास बोललो. ती ऐकत होती. एकदाही उलट बोलली नाही, हेच मला खटकलं. ही पोर उलट बोलल्याशिवाय राहणारी नव्हे.

नंतर स्वयंपाकघरात कमल माझ्यावर उखडली. "पुरे करा तुमची शिकवण! जरा गप्प बसा." कशासाठी उखडली ते सांगेना. उकाडाही फार आहे आणि वीज दिवसातून तीनदा जाते, त्याचा परिणाम असेल.

२१ जून, गुरुवार

कौन्सिलची बैठक २९ तारखेला. यंत्र बाद करायचा ठराव येणार. सियालदहला सगळ्या कारकुनांत आनंद आहे. सुधांशुबाबूंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मुलीबद्दल वाईट वाटतं. पण बघा, चाळीस वर्षांच्या नोंदवहीसमोर यंत्र टिकलं नाही." मला दोन्ही वाटलं, आनंदही आणि दुःखही. मग आनंदाचीच लाज वाटली.

पहिल्यांदाच मनात आलं, पोरगी खरंच हुशार आहे ना? की बाप म्हणून मीच तिला डोक्यावर चढवली? पण रोजनिशीत खोटं लिहायचं तर ती लिहायचीच कशाला?

२४ जून, रविवार

वृंदा मैत्रिणीकडे गेली होती. म्हटलं, व्याख्यानात लोकांना दाखवायला यंत्राने छापलेला एखादा कागद हवा. तिच्या टेबलावरच्या फाइलमध्ये एक सापडला, दोन्ही कडांना भोकं असलेला, घड्या घड्यांचा लांब. वर १२ जून छापलेलं. खाली सदतीस क्रमांक आणि प्रत्येकापुढे सहा विषयांचे गुण.

मास्तराची सवय, नजर आपोआप खाली सरकत गेली. पहिल्याचे ४१, ३६, ५२, २९, ३८, ४४. दुसऱ्याचे ३३, २९, ४०... तिसऱ्याचे शेवटी २९. मी खुर्चीत बसलो. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सदतीस ओळी, सदतीस एकोणतीस, प्रत्येक ओळीत एक आणि एकच. आमचा सगळ्यांचा खोकला तिथे छापून आला होता.

यंत्राचं काही चुकलं नव्हतं. माझ्या पोरीच्या सहाशे कार्डांत एकही चूक नव्हती.

आधी इतका आनंद झाला की कमलला हाक मारायला तोंड उघडलं. मग ते तसंच मिटलं. हे सांगायचं म्हणजे कौन्सिलपुढे उभं राहून म्हणायचं, की मी बावीस वर्षं नोंदवहीत खोटे गुण लिहिले. दिगंबर टेंबे, ज्याने शाळेचा खडू कधी घरी आणला नाही. भीती वाटते. आज एवढंच लिहवतं.

२५ जून, सोमवार

सुधांशुबाबूंना सियालदह स्टेशनबाहेर गाठलं. मातीच्या भांड्यातला चहा दोघांच्या हातात निवून गेला. त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी थंड चहा रस्त्याकडेला ओतून दिला. मग म्हणाले, "दिगंबरबाबू, ही गोष्ट सांगायची नसते. सांगितली की तिचा नियम होतो. नियम झाला की दया संपली. तुमचं यंत्र खोकेल का?"

मी भांडं खाली ठेवलं. ते लोकलकडे निघाले आणि वळून म्हणाले, "तुमची मुलगी आहे. माझे सदतीस मुलगे आहेत." एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

२६ जून, मंगळवार

वृंदाला सांगितलं. मला वाटलं होतं उडी मारेल. उलट तिचे डोळे भरून आले. आपल्याला हे आधी दिसलं नाही याचं तिला वाईट वाटलं असणार. मी म्हटलं, "अगं, तुला कसं दिसणार? तू तिथे बसलेली असतीस तर कळलं असतं."

"बाबा, कौन्सिलला सांगू नका. मला पंचिंगच्या खोलीत काही त्रास नाही होणार."

"मूर्खासारखं बोलू नकोस," मी म्हटलं. "वही काढ."

तिने डोळे पुसले, वही काढली, आणि मग काय विचारता, जुनी वृंदा परत आली. दोन विषयांत एकोणतीस असले तर? नाही. का नाही? एकदा पाय घसरला तर अपघात, दोनदा घसरला तर चालायलाच येत नाही. अठ्ठावीस असले तर? अठ्ठावीसला खोकत नाहीत. कधीच नाही? मी आठवून पाहिलं. तिसऱ्यांदा बसलेला असला तर अठ्ठावीसलाही खोकतात, पण यंदा तसा कुणी नव्हता. तिसऱ्यांदा बसलाय हे कसं कळतं? क्रमांकापुढे दोन फुल्या असतात. सगळ्या जोड्या हेच करतात? करतात. कुणी ठरवलं? कुणीच नाही.

तासाभराने माझ्यासमोर अकरा ओळी होत्या. बावीस वर्षं मी जे केलं त्याला इतके काटेकोर नियम होते आणि मला एकही ठाऊक नव्हता! माझ्या पोरीने ते माझ्यातून एकेक करून उपसून काढले, विहिरीत पडलेल्या बादल्या गळाने काढाव्यात तसे. तिचं काम काय आहे ते मला आज कळलं. यंत्र नुसतं निमित्त आहे.

२८ जून, गुरुवार

अकरा नवी कार्डं घालून तिने प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पास २,९०८.

आमच्यापेक्षा एक जास्त! मी हबकलो. वृंदाने तो जास्तीचा क्रमांक काढून दाखवला. वाणिज्य भूगोलात एकोणतीस, बाकी सगळ्यांत पास. आमच्या नोंदवहीत नापास. नोंदणीची तारीख ५ जून.

त्या दिवशी सुधांशुबाबू नव्हते. नव्या मुलाने खणखणीत वाचलं आणि मी जे ऐकलं ते लिहिलं. खोकला नाही म्हणून माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. लोकल बंद पडली म्हणून एका पोराचं वर्ष गेलं असतं. अशी आणखी किती गेली असतील?

तसाच उठून बराकपूरला गेलो. सुधांशुबाबूंना दारातच तो क्रमांक सांगितला. ते दाराची चौकट धरून उभे राहिले. बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

२९ जून, शुक्रवार

झालं एकदाचं. जसं घडलं तसं लिहितो.

अध्यक्ष, सात सभासद, रजिस्ट्रार, लाहिरीसाहेब. वृंदा भिंतीशी, मांडीवर स्वेटर. मागच्या खुर्च्यांवर आमच्यातले काही कारकून. मी उभा राहिलो आणि सरळ सांगितलं. खोकला कसा असतो तेही सांगितलं. रजिस्ट्रारसाहेब खिडकीच्या नव्या जाळ्यांकडे बघत राहिले.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मिस्टर टेंबे, ही फसवणूक आहे हे तुम्हाला कळतं?"

"कळतं. पण कुणाची मुलं होती ते आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही फक्त क्रमांक पाहिले."

"लिहिणारे तुम्ही. वाचणारं कोण होतं?"

नाव मी घेतलं नाही. तो माझा प्रश्न नव्हता. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सुधांशुबाबू उभे होते. "काशीटा आमार छिलो," ते म्हणाले, म्हणजे खोकला माझा होता. मग इंग्रजीत म्हणाले, की एका दिवशी मी आलो नाही आणि एक मुलगा बुडाला. या मुलीचं यंत्र रोज येतं. नियम लिहून टाका.

दीड तास वाद झाला. शेवटी ठरलं ते असं. एका विषयात एका गुणाची सवलत, तिसऱ्या प्रयत्नाला दोन, नियमावलीत कलम म्हणून छापायची. २,९०८ हाच यंदाचा निकाल. पुढच्या वर्षीपासून यंत्र, आणि प्रोग्रॅम वृंदाच्या हाती. आम्हा दोघांची, सुधांशुबाबूंची आणि माझी, नावं कौन्सिलच्या यादीतून काढली. काढायलाच हवी होती, माझी तक्रार नाही. मी केलेली एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात गेली, किती मास्तरांना हे भाग्य मिळतं?

बाहेर लाहिरीसाहेब म्हणाले, "तुमच्या मुलीने १३ तारखेलाच मला लिहून दिलं होतं की चूक तिची आहे. मी सगळी कार्डं दोनदा तपासली, मला सापडेना." मी म्हटलं, नवखी आहे, धीर सुटला असेल. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं.

८ जुलै, रविवार

व्याख्यान झालं. साठ-सत्तर माणसं, मागे काही जण उभे. तांदूळ आणि पाण्याची गोष्ट सांगितली, कमलकडे न बघता. मग सांगितलं, "मंडळी, आपण रोज जे करतो त्यातलं निम्मं आपल्यालाच ठाऊक नसतं. ते आपल्याकडून विचारून घ्यायचं, आणि ज्याला जगातलं काही म्हणजे काहीच कळत नाही, त्याला कळेल असं लिहायचं. माझी मुलगी हे काम करते." एकोणतीसची सगळी हकीकत सांगितली, माझं नाव यादीतून काढलं तेही. टाळ्या थांबेनात. वृंदा दुसऱ्या रांगेत होती, मान खाली घालून. छाती किती इंच फुगली ते मोजलं नाही.

प्रश्नोत्तरांना श्यामराव उठले. साधा माणूस, मनात काही नाही. म्हणाले, "मास्तर, एक शंका. सदतीस मुलं आणि सगळ्यांना एकोणतीस. हे तुम्हाला पाहताक्षणी दिसलं. मग एवढी हुशार मुलगी, तिच्या हातात तो कागद बारा दिवस होता. तिला कसं दिसलं नाही?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, नवखी आहे, धीर सुटला. आणि वृंदाकडे पाहिलं. तिने मान वर केली होती. डोळ्यांनीच मला म्हणत होती, सांगा काहीतरी आणि पुढे चला.

ताटाकडे बघून म्हटलेलं तिचं 'हो बाबा' आठवलं, आणि तयार उत्तर मी गिळून टाकलं. छत्तीस वर्षांत फळ्यासमोर असं कधी झालं नव्हतं.

"तिला दिसलं होतं," मी म्हटलं. "तिला बापाचं नाव दिसलं त्यात." आणि खाली उतरलो. श्यामरावांनी आभार मानले म्हणे. मला ऐकू आले नाहीत.

ट्रॅममध्ये तिच्या शेजारी बसलो. बेहाला येईपर्यंत विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी विचारलं, "तेरा तारखेलाच कळलं होतं ना तुला?"

"बारा तारखेला, बाबा. साडेचार वाजता."

म्हणजे मी पाऊण तास तिला प्रामाणिकपणावर भाषण दिलं तेव्हा ती माझ्यासाठी आपलं काम, आपलं नाव, सगळं पणाला लावून समोर बसली होती. आणि मी तिची 'माझी चूक' सुधारत होतो. मी बावीस वर्षं अनोळखी पोरांना एकेक गुण दिला. या पोरीने मला किती दिले, त्याची बेरीज मला येत नाही. तिचा हात हातात घेतला. माझ्या हाताला थंडगार लागला. इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता, आणि इतकी लाजही.

घरी आल्यावर कमलला म्हटलं, "अगं, हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!"

ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्हाला आज कळलं होय?"

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. यंत्राला आणि मला सोडून.